कधीच न मोडणारा विक्रम: ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७

ऑक्टोबर २०२४ मध्ये 'सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली' अशी बातमी सगळीकडे झळकली. ल्यूक ड्युरंट या एन्व्हिडियातल्या माजी अभियंत्याने ती शोधली होती आणि तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. त्याआधीचा विक्रम डिसेंबर २०१८ चा, २,४८,६२,०४८ अंकांचा. खरं तर अशा मथळ्यात एक शब्द असायलाच हवा: 'ज्ञात'. सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या. कारण मूळ संख्यांना शेवट नाही, हे युक्लिडने सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध करून ठेवलंय. आज ना उद्या कुणीतरी आणखी मोठी शोधणार आणि ड्युरंटचा विक्रम मागे पडणार.

ती बातमी वाचताना मला मात्र दुसरीच एक संख्या आठवली. जेमतेम २४ अंकी. अंक नीट दिसावेत म्हणून तिचे तीन-तीनचे गट करून लिहितो:

३५७ ६८६ ३१२ ६४६ २१६ ५६७ ६२९ १३७

हीसुद्धा आपल्या प्रकारातली सर्वांत मोठी आहे, पण हिच्यामागे 'ज्ञात' लावावं लागत नाही. हिच्याहून मोठी सापडणार नाही, कारण ती अस्तित्वातच नाही. ज्या दुनियेत कशालाच शेवट नसतो तिथे हा एक शेवट कुठून आला, ते बघू.

तिची करामत काय?

आधी एका वाक्यात उजळणी. जिला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही भाग जात नाही ती मूळ संख्या (२, ३, ५, ७, ११, १३...), आणि जिला जातो ती संयुक्त. १ कुठेच धरत नाहीत.

आपली २४ अंकी संख्या मूळ आहे. तिचा सर्वांत डावीकडचा ३ खोडा. उरलेली २३ अंकी संख्याही मूळ आहे. आता ५ खोडा, उरलेली २२ अंकीही मूळ. ७ खोडा, तरी मूळ. असं एकेक अंक छाटत शेवटपर्यंत जा. शेपटाकडचा भाग असा दिसतो:

६२९१३७
२९१३७
९१३७
१३७
३७
७

या सगळ्या मूळ संख्या आहेत. २४ वेळा तपासा, एकदाही दगा नाही. अशा संख्यांना डावीकडून छाटता येणाऱ्या मूळ संख्या म्हणतात. मी पुढे नुसतं 'छाटणीच्या संख्या' म्हणेन. अट एकच, अंकांत शून्य चालणार नाही. चालवलं तर ७ च्या मागे ०७, ००७, ०००७ अशी हवी तितकी शून्यं लावत बसता येईल आणि खेळाला अर्थच राहणार नाही.

अशा संख्या एकूण ४,२६० आहेत. शेवटची, म्हणजे सर्वांत मोठी, वर दिली तीच.

आकार डोळ्यांपुढे यावा म्हणून सांगतो. साधारण १८ ग्रॅम पाण्यात जितके रेणू असतात, त्याच्या सुमारे ५९ टक्के ही संख्या भरते. म्हणजे दोन लहान चमचे पाणी घेतलंत तर त्यातल्या रेणूंची मोजदाद या संख्येच्या आसपास जाईल. चमच्यात मावणारी संख्या म्हणा हवं तर.

एवढ्या संख्या तपासल्या कुणी?

२४ अंकांपर्यंतच्या सगळ्या संख्या एकेक करून तपासायच्या म्हटलं तर कुठल्याही कॉम्प्युटरचा जन्म पुरणार नाही. पण तशी गरजच पडत नाही. छाटायचं सोडून उलट दिशेने जायचं: शेपटापासून सुरुवात करून डावीकडे अंक वाढवत न्यायचे.

हे वंशावळीसारखं आहे. मूळपुरुष चार: २, ३, ५, ७. प्रत्येकाच्या डावीकडे १ ते ९ यांतला एकेक अंक लावला की नऊ मुलं होतात. त्यांतली मूळ असतील ती जगतात, बाकीची बाद. जगलेल्यांना पुन्हा नऊ-नऊ मुलं. छाटणीची प्रत्येक संख्या या वंशावळीत कुठे ना कुठे असणारच, कारण तिचे अंक छाटत गेलं की तिचे बाप, आजे, पणजे ओळीने समोर येतात. म्हणून ही वंशावळ पूर्ण लिहिली की काम संपलं, बाहेर कुणी राहत नाही.

२ आणि ५ हे दोघे पहिल्याच पिढीत निर्वंश होतात. २ ने संपणारी कुठलीही मोठी संख्या सम, ५ ने संपणारीला ५ ने भाग. ३ ला मात्र सहा मुलं जगतात: १३, २३, ४३, ५३, ७३, ८३. आणि ७ ला पाच: १७, ३७, ४७, ६७, ९७. दुसरी पिढी अकरा जणांची.

आपली संख्या यांतल्या ३७ च्या घरातली. ३७ ची नऊ मुलं बघा. २३७, ५३७ आणि ८३७ तीनच्या पाढ्यात. ४३७ म्हणजे १९ × २३. ६३७ म्हणजे ७ × ७ × १३. ७३७ म्हणजे ११ × ६७. उरले १३७, ३३७ आणि ९३७, तिघेही मूळ. त्यांतल्या १३७ कडून आपली वाट पुढे जाते.

असंच मोजत गेलं तर पिढ्यांची लोकसंख्या येते ती अशी: ४, ११, ३९, ९९, १९२, ३२६, ४२९, ५२१, ५४५. इथवर घराणं नुसतं फोफावतंय. नवव्या पिढीनंतर उतरण लागते: ५१७, ४४८, ३५४, २७६, २१२, ११७, ७२, ४२, २४, १३, ६, ५, ४, ३, आणि चोविसाव्या पिढीत एकटी एक. पंचविसावी पिढी नाही. सगळ्यांची बेरीज करून पाहा, बरोबर ४,२६० येते.

हे काम तसं जुनं आहे. आय. ओ. एंजल आणि एच. जे. गॉडविन यांचा या विषयावरचा शोधनिबंध १९७७ सालचा. आज कुणी हौसेने प्रोग्रॅम लिहिला तर साध्या लॅपटॉपवर ही अख्खी वंशावळ डोळ्यांदेखत तयार होते. एकूण उमेदवार चाळीस हजारांच्याही आतच भरतात.

वंश खुंटला कसा?

२४ अंकी शेंडेफळापुढे नऊ अंक लावून नऊ २५ अंकी मुलं होतात. ती मेली कशी, हे मला स्वतःला बघायचं होतं म्हणून कागद घेऊन बसलो.

आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ११२. तिला ३ ने भागलं की बाकी १ उरते. म्हणून पुढे २, ५ किंवा ८ लावला तर बेरीज तीनच्या पाढ्यात जाते आणि ती संख्या बाद. तीन गेली.

११ ची कसोटी शाळेत शिकलेली असते: उजवीकडून अंक एकाआड एक मिळवायचे आणि वजा करायचे. ७ − ३ + १ − ९ + २ − ६... असं २४ अंक केल्यावर उत्तर येतं −६. पंचविसावा अंक मिळवण्याच्या पाळीत येतो. तिथे ६ लावला की बेरीज शून्य, म्हणजे ११ ने निःशेष भाग. ६ गेला.

पुढे ३ लावला तर ७ ने भाग जातो. ७ लावला तर २३ ने. ९ लावला तर ४७ ने. (हे तीन भागाकार करताना वही जरा खराब झाली, पण उत्तरं बरोबर आहेत.) राहिले १ आणि ४. त्यांच्यासाठी मी ७३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी हाताने भागून पाहिलं आणि मग नाद सोडला. विभाजक त्याहून मोठे आहेत. तरी दोन्ही संयुक्तच.

विभाजक हाती नाही, मग संयुक्त कशावरून?

ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर या विषयातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक आहे.

सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या लक्षात आलं की संख्या मूळ असेल तर २ चा तितकावा घात करून त्यातून २ वजा केल्यावर उत्तराला त्या संख्येने भाग जातोच. ७ घ्या: २ चा सातवा घात १२८, वजा २ म्हणजे १२६, आणि १२६ म्हणजे ७ × १८. आता ९ घ्या: ५१२ वजा २ म्हणजे ५१०, त्याला ९ ने भागलं तर ६ उरतात. म्हणजे ९ मूळ नाही. लक्षात घ्या, ९ म्हणजे ३ × ३ हे आपण कुठेच वापरलं नाही. ताप आहे हे थर्मामीटर सांगतो, कशाचा ते सांगत नाही. तसंच हे. घात कितीही प्रचंड असला तरी दर पायरीला फक्त बाकी ठेवत गेलं की गणित आवाक्यात राहतं, आणि २५ अंकी संख्येची ही परीक्षा कॉम्प्युटर क्षणात उरकतो.

उलट बाजूने मात्र ही कसोटी फसते. ३४१ म्हणजे ११ × ३१, आणि तरीही ती या परीक्षेत उत्तीर्ण होते. म्हणून नापास झालेली संख्या नक्की संयुक्त, पण पास झालेली मूळ आहे असं म्हणायला आणखी कडक परीक्षा घ्याव्या लागतात. त्या आहेत, आणि २४ अंकांसाठी त्यांत कसलीही अटकळ उरत नाही.

नवव्या पिढीतच कळस का?

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त आवडलेला भाग हा. लोकसंख्या नवव्या पिढीला शिगेला पोचते आणि मग घसरते, हे न मोजताही आधी सांगता आलं असतं.

संख्या जसजशा मोठ्या होतात तसतशा मूळ संख्या विरळ होत जातात. किती विरळ, याचा नियम १८९६ मध्ये आदामार आणि द ला व्हाले पूसँ या दोन गणितज्ञांनी स्वतंत्रपणे सिद्ध केला. ढोबळ हिशेब असा: अंकांची संख्या गुणिले २.३ करा, साधारण तितक्यांत एक मूळ सापडते. दहा अंकी संख्यांत २३ त एक, वीस अंकींत ४६ त एक.

आपल्या वंशावळीतल्या मुलांना थोडी सवलत आहे. मोठ्या मूळ संख्येचा शेवटचा अंक १, ३, ७, ९ यांपैकीच असतो, म्हणजे दहातले चारच. आपल्या संख्या ३ किंवा ७ नेच संपतात, त्यामुळे मूळ निघण्याची शक्यता अडीच पट वाढते. मुलं नऊ. तेव्हा ९ गुणिले २.५ भागिले २.३, म्हणजे जवळपास १०. हे १० मुलाच्या अंकसंख्येने भागा, सरासरी जगणारी मुलं मिळाली.

पाच अंकी मुलं: १० भागिले ५, म्हणजे सरासरी दोन. प्रत्यक्षात चौथ्या पिढीतल्या ९९ जणांना १९२ मुलं झाली, दोनला जेमतेम कमी. दहा अंकी मुलं: सरासरी एक. प्रत्यक्षात ५४५ जणांना ५१७. वीस अंकी मुलं: सरासरी अर्धं. प्रत्यक्षात १३ जणांना ६. घराण्यात दर माणशी एकाहून कमी मूल होऊ लागलं की ते घराणं कितीही मोठं असलं तरी आटत जाणार. आणि ते वळण दहाव्या पिढीच्या आसपास यायचं हे १० या आकड्यातच लिहिलेलं होतं.

अर्थात हा अंदाज झाला. तो सांगतो की वंश संपण्याचीच चिन्हं आहेत. तो नेमका २४ वर, नेमक्या याच संख्येवर संपतो, हे मात्र प्रत्यक्ष वंशावळ लिहूनच कळतं.

अंकांत दडलेली लय

आता पुन्हा आपल्या २४ अंकी संख्येकडे या. तिच्यात १ ते ९ सगळे अंक हजेरी लावतात. पण ६ तब्बल सात वेळा आलाय. ४, ८ आणि ९ एकेकदाच. असं का?

अर्धं उत्तर आहे. ३, ६, ९ हे अंक लावल्याने बेरजेची तीनने भागल्यावरची बाकी बदलत नाही. ते कुठेही लावा, तीनचा धोका नाही. बाकीच्या अंकांचे दोन गट पडतात: १, ४, ७ (बाकी १) आणि २, ५, ८ (बाकी २). आतापर्यंतच्या बेरजेची बाकी १ असेल तर दुसऱ्या गटातला अंक लावायची सोय नाही, लावला की बेरीज तीनच्या पाढ्यात. पहिल्या गटातला लावला तर बाकी २ होते, आणि मग पहिल्या गटाचं दार बंद होऊन दुसऱ्याचं उघडतं.

म्हणजे ३, ६, ९ गाळले तर उरलेल्या अंकांत दोन्ही गटांनी आळीपाळीने यायला हवं. बघू या. उजवीकडून वाचत, ३, ६, ९ वगळत:

७, १, २, ७, ५, १, २, ४, २, १, ८, ७, ५

पहिला ७ हा मूळपुरुष, तो सोडा. पुढे १ (पहिला गट), २ (दुसरा), ७ (पहिला), ५ (दुसरा), १, २, ४, २, १, ८, ७, ५. पहिला, दुसरा, पहिला, दुसरा, शेवटपर्यंत एकदाही न चुकता. वर वर बघितलं तर कुणीतरी डोळे मिटून टाइप केल्यासारखी दिसणारी ही संख्या आतून ठेका धरून चालते. ३, ६, ९ ना सदैव मोकळं रान असल्याने २४ पैकी ११ जागा त्यांनी बळकावल्या. त्यांतही सहाच इतक्या वेळा का, याला माझ्या मते योगायोगापलीकडे काही कारण नाही.

उजवीकडून छाटलं तर?

तोही खेळ आहे, पण लवकर आटोपतो. उजवीकडे अंक जोडायचा तर १, ३, ७, ९ एवढेच पर्याय, नऊ नाहीत. म्हणून असे एकूण ८३ च, आणि सर्वांत मोठी ७३९३९१३३, अवघी आठ अंकी. दोन्ही बाजूंनी छाटली तरी टिकणाऱ्या फक्त १५, त्यांतली थोरली ७३९३९७.

याचा उपयोग काय?

या संख्येचा? काही नाही. ती कुठल्या यंत्रात बसत नाही की कुठलं कुलूप उघडत नाही. उपयोगी आहे तो मघाचा हिशेब. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणारी आरएसए पद्धत (तीही १९७७ चीच) दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी आहे. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या २,०४८ बिटांच्या किल्लीसाठी त्या प्रत्येकी सुमारे ३०८ अंकी लागतात. अशी संख्या आणायची कुठून? कॉम्प्युटर सरळ एक भलीमोठी विषम संख्या उचलतो आणि तपासतो. नसली तर दुसरी. ३०८ गुणिले २.३ म्हणजे सुमारे ७०० त एक, आणि सम संख्या वगळल्या तर साधारण ३५० प्रयत्नांत एक. म्हणूनच किल्ली तयार व्हायला वर्षं लागत नाहीत. छाटणीचा वंश ज्या विरळपणामुळे खुंटतो, तोच विरळपणा इथे 'फार विरळ नाही' म्हणून कामी येतो.

पण हा तर दहा बोटांचा योगायोग!

सर्वांत मजबूत आक्षेप हाच, आणि तो मला मान्य आहे. १३७ मूळ आहे हे कुठल्याही लिपीत, कुठल्याही पद्धतीत लिहिलं तरी खरं. पण त्यातला डावीकडचा अंक 'छाटणं' ही आपल्या दशमान लेखनाची करणी आहे. आपण दहाऐवजी बारा-बाराचे गट करून मोजत असतो तर वंशावळ वेगळी झाली असती आणि शेंडेफळही वेगळं.

तरी योगायोग सगळा नाही. दहाला २ आणि ५ ने भाग जातो, म्हणून शेवटचा अंक एकदा ३ किंवा ७ ठरला की २ आणि ५ पासून कायमचं अभय. अकरा-अकराचे गट केले तर ते अभय जातं. तिथे शेवटच्या अंकावरून सम-विषम ठरत नाही, त्यामुळे प्रत्येक पिढीत निम्मी मुलं सम निघून आपोआप बाद होतात आणि घराणं फार लवकर संपतं.

सर्वांत छोटी वंशावळ तीन-तीनच्या गटांची, आणि ती पाकिटाच्या मागच्या बाजूला मावते. या पद्धतीत अंक ०, १, २ एवढेच, आणि स्थानांची किंमत १, ३, ९, २७. मूळपुरुष एकटा २. त्याच्या डावीकडे १ लावला तर ३ + २ म्हणजे ५, मूळ. २ लावला तर ६ + २ म्हणजे ८, बाद. ५ च्या डावीकडे १ लावला तर ९ + ५ म्हणजे १४, बाद. २ लावला तर १८ + ५ म्हणजे २३, मूळ. २३ च्या डावीकडे १ लावला तर २७ + २३ म्हणजे ५०. २ लावला तर ५४ + २३ म्हणजे ७७. दोन्ही बाद. तिथली सर्वांत मोठी छाटणीची संख्या २३, आणि तिचाही विक्रम कुणी मोडणार नाही.